मथुरेच्या सहाशे अकरा टिपा

मथुरा नागोजी कांबळे आमच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली ते साल एकोणीसशे ऐंशी. कारखाना पंपांचा, हुबळी आणि धारवाडच्या मधे, नवनगरच्या थोडं अलीकडे. मी तिथल्या संगणक विभागात दोन वर्षं आधीपासून होतो. आम्ही सहा प्रोग्रॅमर आणि वर बाळकृष्ण साहेब. या गोष्टीत मी काही फार मोठं केलेलं नाही. जे केलं ते सांगतो.

मथुरा बारीक अंगाची, ताठ मानेची मुलगी. वडील रेल्वे वर्कशॉपातून खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मदतनीस, म्हणून निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आई लहानपणीच गेलेली. मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी, आणि मग इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा, एवढं तिचं शिक्षण. मुलाखतीत साहेबांनी तिला आडनाव दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना ते आमच्याकडे बघत होते.

यंत्र परदेशातून आलं होतं आणि त्याच्याबरोबर एक्केचाळीस जाड फायली आल्या होत्या. निळा पुठ्ठा, आत लोखंडी कड्या. कुठली कमांड काय करते, ती कशी लिहायची, चुकली तर काय होतं, सगळं त्यात. संच एकच होता आणि हात सहा जणांचे, म्हणून पानं फाटायची, फाईल टेबलाखाली जायची, भांडणं व्हायची. साहेबांनी फायली मागच्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवल्या आणि किल्ली मथुरेकडे दिली. ज्याला पान हवं त्यानं जागेवरून कमांडचं नाव ओरडायचं, मथुरेनं ती फाईल बरोबर त्या पानावर उघडून आणून द्यायची, आणि काम झालं की परत न्यायची. टायपिंग या सगळ्याच्या मधे.

पहिल्या महिन्यात तिला वेळ लागायचा. चौथ्या महिन्यात लागेनासा झाला. तेव्हा साहेबांनी खेळ काढला.

"मिनिटाच्या आत आणलंस तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर सगळ्यांचा चहा कँटीनमधून तू आणायचा. शंकर, तुझ्या घड्याळाला सेकंदकाटा आहे ना? तू वेळ लाव."

घड्याळ मला लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. मी वेळ लावायला लागलो. कोणी ओरडलं की मी मनगट वर धरायचो, साहेब कानडीत "बेगा, बेगा!", लवकर लवकर, म्हणून टाळ्या पिटायचे, आणि ती दोन्ही हातांनी पाच किलोची फाईल छातीशी धरून येताना दिसायची. मी आकडा मोठ्यानं सांगायचो. "बावन्न!" "अठ्ठेचाळीस!" एकदा ती एकोणचाळीसला आली तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्या लोकांना पाठांतर कधीपासून जमायला लागलं?" आम्ही हसलो. मी पण हसलो. मथुरेनं फाईल टेबलावर ठेवली, पान सरळ केलं आणि परत गेली.

मागच्या खोलीत तिच्यासाठी एक खुर्ची होती. एके सकाळी ती तिथं नव्हती. तिनं विचारलं तर साहेब म्हणाले, "कपाटाला खुर्ची कशाला लागते?" त्यानंतर टायपिंग सोडून बाकीचा वेळ ती उभी असायची.

एकदा त्यांनी अशी कमांड मागितली जी अस्तित्वातच नव्हती. नाव त्यांनी स्वतः बनवलं होतं आणि आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं. ती दुपारभर शोधत राहिली. पाच वाजता येऊन म्हणाली, "साहेब, हे नाव पुस्तकात नाही."

"आहे. उद्या परत शोध."

दुसऱ्या दिवशी तिनं एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फायली पहिल्या पानापासून चाळल्या. तिसऱ्या दिवशी आली आणि शांतपणे म्हणाली, "असं काही नाही. तुम्ही मला उगीच हिंडवताय."

साहेबांनी तिला मेमो दिला. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. तिची नेमणूक कायमची नव्हती; दर सहा महिन्यांनी नवं पत्र, मधे दोन दिवसांचा खंड. मेमो असला की पुढचं पत्र मिळेल की नाही सांगता यायचं नाही. तिनं माफी लिहून दिली, स्वतःच टाईप करून. त्यात टायपिंगची एकही चूक नव्हती, हे साहेबांनी आम्हाला कागद दाखवून सांगितलं.

त्र्याऐंशी साली त्याच परदेशी कंपनीचं नवं यंत्र आलं, फायली मात्र त्याच राहिल्या. आता प्रत्येकाच्या टेबलावर पडदा आणि कळफलक. त्याच वर्षी बेळगावची शालिनी आमच्यात आली, नव्या यंत्राचं शिक्षण घेतलेली, हुशार, बोलायला गोड. महिनाभरातच तिनं एक छोटी कमांड लिहिली. नाव ठेवलं 'दाखव'. इंग्रजी अक्षरांत दाखव असं टाईप करायचं, पुढं ज्या कमांडची माहिती हवी तिचं नाव, की पुस्तकातलं ते पान दोन सेकंदांत पडद्यावर. हिरव्या अक्षरांत, वरपासून खालपर्यंत. ओरडायला नको, कपाट नको, भांडण नको.

फक्त आधी पुस्तक यंत्रात जायला हवं होतं. बारा हजार तीनशे पानं.

साहेबांनी मथुरेला बोलावलं. "हे सगळं टाईप कर. पूर्ण झालं की तुला कायम करू. कागदपत्र सहाय्यक. पद मी मंजूर करून घेतो."

"लिहून द्याल, साहेब?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

तिनं टाईप करायला सुरुवात केली. आता तिला बसायला मिळालं, कारण कळफलक टेबलावर होता. सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. मधेच कुणी ओरडलं तर उठून फाईल आणायची, कारण टाईप न झालेली पानं अजून कपाटातच होती आणि माझं घड्याळ अजून माझ्या मनगटावर होतं. अडीच वर्षं हे चाललं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पदराच्या टोकानं पुसायची आणि पुढं टाईप करायची.

'दाखव'ची आम्हाला अशी सवय लागली की आम्ही काही लक्षात ठेवेनासेच झालो. प्रत्येक बारीक गोष्टीला दाखव. आणि हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पानांच्या शेवटी कधीकधी दोनतीन ओळी असायच्या, मोडक्या इंग्रजीत, पण अगदी नेमक्या. हे उदाहरण आपल्या यंत्रावर चालत नाही, असं करा. इथं पुस्तकात स्वल्पविराम हवा, तो सुटला आहे. ही कमांड मोठ्या यादीवर अर्ध्यात थांबते आणि सांगत नाही. या टिपांनी माझे किती दिवस वाचवले ते मोजता येणार नाही. मला वाटायचं, कंपनीनं पुस्तकाची नवी आवृत्ती पाठवली असेल.

एकदा मी शालिनीला विचारलं. ती हसली. "मथुरा लिहिते. टाईप करता करता प्रत्येक उदाहरण करून बघते. साहेबांना सांगू नका."

मी मथुरेला गाठलं. "हे कशाला करतेस? नुसतं टाईप करायचं सोडून?"

"हात थांबतो, शंकरअण्णा," ती म्हणाली. "लिहिलंय ते खोटं आहे हे कळल्यावर पुढची ओळ कशी टाईप करायची?"

"तुला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? चुकलं की यंत्र सांगतं. ते ओरडत नाही."

तिच्याकडे एक वही होती. यंत्रात घालण्याआधी प्रत्येक टीप ती त्यात लिहायची, वर आकडा घालून. मी ती चाळली. तिला शाबासकी द्यावी असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, "अक्षर चांगलं आहे."

शेवटचं पान शहाऐंशीच्या जानेवारीत टाईप झालं. फेब्रुवारीत मुंबईच्या मुख्य कचेरीतून तीन साहेब 'दाखव' बघायला आले. आमच्या बाळकृष्ण साहेबांना हा दिवस लक्षात राहील असा करायचा होता.

"आधी आम्ही कसं काम करायचो ते बघा," ते पाहुण्यांना म्हणाले. "मथुरा, कपाटाशी उभी राहा. शालिनी, तू पडद्यावर. मी नाव सांगतो. शंकर, वेळ लाव."

पहिलं नाव. शालिनीच्या पडद्यावर पान दोन सेकंदांत उमटलं. मथुरा एकोणिसाव्या सेकंदाला आली. एवढ्या वेगानं ती कधीच आली नव्हती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कौतुकानंच म्हणायला हवं. दुसरं नाव. तिसरं. साहेब मुद्दाम एक पहिल्या फाईलमधलं आणि एक शेवटच्या फाईलमधलं असं सांगत होते. पाहुण्यांपैकी एकजण माझ्या शेजारी येऊन घड्याळात डोकावायला लागला. सातव्या फेरीला मथुरा धापा टाकत होती. नवव्या फेरीला तिचा पाय दाराच्या उंबऱ्याला लागला आणि ती फाईलसकट पडली. कड्या उघडल्या, पानं फरशीवर पसरली, आणि एका कडीनं तिचं मनगट चिरलं.

"मशीन जिंकलं," साहेब म्हणाले. सगळे हसले. मी सेकंदकाटा थांबवला नव्हता, तो फिरतच होता.

तिनं पानं गोळा केली, हवं होतं ते काढलं आणि सगळ्यांत वयस्क पाहुण्याच्या हातात दिलं. पानाला कोपऱ्यात रक्त लागलं होतं. त्या गृहस्थांनी ते पान पडद्याशी लावून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पडद्यावर शेवटी तीन ओळी जास्त आहेत," ते म्हणाले. ते पुण्याकडचे होते, मराठीच बोलत होते. "या पुस्तकात नाहीत. कुणी घातल्या?"

साहेबांनी वाकून वाचलं. त्यांना ते आत्ताच कळत होतं, पण तसं दाखवणं शक्य नव्हतं. "आमच्या शालिनीचं काम," ते म्हणाले. "फार मेहनती आहे."

शालिनी खाली बघत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

"ते मी लिहिलंय," मथुरा म्हणाली.

ती मनगट पदरात गुंडाळून उभी होती. "अशा सहाशे अकरा आहेत," ती पुढं म्हणाली. "सगळ्या मी करून बघितल्यात."

"तुझं शिक्षण काय?" पाहुण्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

"म्हणजे एका टायपिस्टनं कंपनीच्या पुस्तकात आपल्या मनानं भर घातली, अडीच वर्षं, आणि विभागप्रमुखांना माहीत नाही?" हा प्रश्न तिला नव्हता, साहेबांना होता.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "शालिनी, तुला माहीत होतं?"

शालिनीनं वर बघितलं. "मी फक्त कमांड लिहिली, सर. आत काय टाईप होतं ते मला माहीत नाही."

मग साहेबांनी आमच्या सगळ्यांकडे नजर फिरवली. माझ्यावर ती थोडी थांबली. मी घड्याळाकडे बघितलं.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मथुरेला सांगितलं, "एकूण एक काढून टाकायच्या. तूच काढायच्या. आणि काढण्याआधी प्रत्येक टीप मोठ्यानं वाचायची, म्हणजे तू काय काय घाण घातलीस ते सगळ्यांना कळेल."

सहा दिवस लागले. ती पडद्यासमोर बसायची, पान काढायची, शेवटच्या ओळी वाचायची आणि पुसायची. तिचे इंग्रजी उच्चार हुबळीचे होते. साहेब मधेच थांबवून एखादा शब्द परत म्हणायला लावायचे, आणि आमच्यातलं कुणीतरी तो तसाच म्हणून दाखवायचं. पहिले दोन दिवस खूप हसलो. तिसऱ्या दिवसापासून कंटाळलो आणि आपापलं काम करायला लागलो, मागं तिचा आवाज चालूच. त्या सहा दिवसांत आमच्यातल्या कुणी एकही टीप कागदावर उतरवून घेतली नाही. त्या टिपांवर आम्ही रोज काम करत होतो, तरीही.

शेवटी ती म्हणाली, "साहेब, झालं. आता जसं पुस्तकात तसंच आहे. पुस्तकातल्या चुकांसकट."

मार्चअखेर तिची मुदत संपली. नवं पत्र आलं नाही. अनुभवाचा दाखला तेवढा मिळाला: टायपिस्ट, गैरवर्तनामुळे सेवा पुढे चालू ठेवली नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबरात, वर्षातून एकदोनदा करायचं एक काम शालिनीकडे आलं. यंत्रातली सगळी माहिती टेपवर उतरवून ठेवायची. आधी ते करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. शालिनीनं दाखव केलं, पान वाचलं, आणि पुस्तकात दिलं होतं तसं लिहिलं: आधी जिथं ठेवायचं त्याचं नाव, मग जिथून घ्यायचं त्याचं. आमच्या यंत्रावर हा क्रम उलटा होता. कोऱ्या टेपची प्रत मूळ माहितीवर चढली. पंधरा मिनिटांत सगळं कोरं. भागांच्या याद्या, गोदामाचा साठा, बाराशे कामगारांच्या हजेऱ्या. आधीची टेप आठ महिन्यांपूर्वीची होती. 'दाखव'ची पानं वेगळ्या डिस्कवर होती, ती तेवढी वाचली; त्यांची टेप कुणी कधी केलीच नव्हती.

त्या पानावर मथुरेची टीप होती. इथं क्रम उलटा आहे, आधी जिथून घ्यायचं ते, चुकलात तर मूळ जाईल. ती तिनं शालिनीच्या शेजारच्या टेबलावर बसून मोठ्यानं वाचली होती आणि पुसली होती.

साहेबांनी दुपारपर्यंत वर कळवून टाकलं: काढून टाकलेल्या टायपिस्टनं जाताना सूड म्हणून पान बदलून ठेवलं. पोलिसांत तक्रार गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेरुळांमागच्या वस्तीत जीप गेली. मथुरा नळावर पाणी भरत होती. तिला घागर घरात ठेवून येऊ दिलं नाही. नागोजीअप्पांना दिसत नव्हतं, ते दारात उभं राहून "कोण आलंय? मथुरा, कोण आलंय गं?" असं विचारत राहिले, आणि सगळी वस्ती बघत असताना कुणी उत्तर दिलं नाही. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं.

चौकशी कारखान्यातच झाली. मोठे व्यवस्थापक, फौजदार, बाळकृष्ण साहेब, शालिनी आणि मी. मथुरेला उभंच ठेवलं होतं.

"पान तू बदललंस?" फौजदारांनी विचारलं.

"पुस्तक आणा," ती म्हणाली. "अकरावी फाईल, पान दोनशे सहा."

मी जाऊन आणलं. मला पाच मिनिटं लागली. व्यवस्थापकांनी ते पडद्यावरच्या पानाशी ओळीला ओळ लावून बघितलं. अक्षराचा फरक नव्हता.

"म्हणजे पुस्तकच चूक आहे," व्यवस्थापक म्हणाले. "तुला हे ठाऊक होतं?"

"होतं. टीप होती. साहेबांनी काढायला लावली."

"अशा आणखी आहेत?"

"सहाशे दहा."

फौजदारांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. व्यवस्थापकांनी बाळकृष्ण साहेबांशी बाजूला जाऊन काही बोलणं केलं. मग परत येऊन ते मथुरेला जरा मऊ आवाजात म्हणाले, "तीन महिन्यांसाठी तुला परत घेऊ. रोजंदारीवर. त्या टिपा पुन्हा घाल."

मथुरेनं शालिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला जीपनं आणलंत," ती म्हणाली. "आता घरी कसं जायचं तेवढं सांगा."

जीप फौजदारांबरोबर गेली होती. ती फाटकाबाहेर जाऊन बसची वाट बघत उभी राहिली.

साहेबांनी सगळं शालिनीवर ढकललं. कमांड तिची, टेप तिनं लावली, पान तपासायची जबाबदारी तिची. आठवडाभरात त्या टिपा परत मिळवून आण, नाहीतर जा, असं तिला सांगितलं. शालिनी माझ्याकडे रडत आली. रविवारी आम्ही दोघं हुबळीला मथुरेच्या घरी गेलो.

एका खोलीचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पितळी समई. नागोजीअप्पा बाजेवर बसले होते. मथुरेनं आम्हाला आत बोलावलं, चटई घातली, पाणी दिलं. मी प्यायलो. शालिनीनं तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मथुरेनं ते पाहिलं.

"मथुरा, ती वही दे ना," शालिनी म्हणाली. "मी उतरून घेते आणि परत आणून देते."

"वही नाही. एप्रिलमध्ये पाणी तापवायला जाळली."

"सगळी?"

"थोडी थोडी. आठवडाभर पुरली."

शालिनीनं तोंडावर हात धरला. "तुला आठवत असेल. थोड्या तरी."

"सगळ्या आठवतात."

"मग सांग ना गं! माझी नोकरी जाईल."

"जाईल," मथुरा म्हणाली.

बाजेवरून अप्पा म्हणाले, "पोरी, सांगून टाक. तिचं काय वाकडं झालं तर आपल्याला काय मिळणार?"

"अप्पा, तुम्ही मधे पडू नका."

"तिनं तुला काही केलं नाही. केलं ते त्या साहेबानं."

"साहेब माझ्या दारात आलाय का?" मथुरेचा आवाज पहिल्यांदा चढला. "तो कधी येणार नाही. त्याला मी काही करू शकत नाही. ही आली आहे."

शालिनी उठली आणि तिनं वाकून मथुरेचे पाय धरले. मथुरेनं ते मागं घेतले नाहीत. तिला तसंच वाकलेलं राहू दिलं. किती वेळ ते मी पाहिलं नाही. त्या वर्षी मी घड्याळ बांधायचं सोडलं होतं. शेवटी मीच शालिनीला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. दारापाशी मी मागं वळून बघितलं. मथुरेच्या चेहऱ्यावर समाधान असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ती चटई गुंडाळत होती, वाकडी झाली म्हणून पुन्हा उलगडून परत गुंडाळत होती.

नोव्हेंबरात शालिनीला काढलं. तिचं ठरत आलेलं लग्न त्यानंतर मोडलं, कारण मुलाकडच्यांना नोकरी करणारी सून हवी होती. ती बेळगावला परत गेली. बाळकृष्ण साहेबांना पुढच्या वर्षी बढती मिळून पुण्याला पाठवलं. निरोपाच्या समारंभात 'दाखव'चा उल्लेख झाला आणि त्यांना त्याबद्दल शाल दिली. हार मी घातला.

अठ्ठ्याऐंशीत हुबळीत संगणकाचे वर्ग निघाले. शिकवायला माणसं मिळत नव्हती. एका सकाळी मथुरा धारवाडला माझ्या घरी आली, केळगेरीच्या रस्त्यावर मी तेव्हा नवं घर घेतलं होतं. तिनं वर्गाच्या चालकाला भेटून सगळं करून दाखवलं होतं. तो खूश होता. पण कारखान्याच्या दाखल्यावर 'गैरवर्तन' लिहिलेलं होतं आणि त्याला खात्रीसाठी कुणाचं तरी पत्र हवं होतं.

"तुम्ही आता विभागाचे प्रमुख आहात," ती म्हणाली. "एवढंच लिहा की त्या टिपा मी लिहिल्या होत्या. दुसरं काही नको."

मी म्हटलं, "बघतो."

"कधी येऊ?"

"मीच पाठवून देतो."

मी एक कागद घेऊन बसलोही. तिनं टिपा लिहिल्या असं लिहिलं की त्या काढल्या कुणी, आणि काढताना बाकीचे काय करत होते, असं कुणीतरी विचारलं असतं. पुण्याहून साहेबांचा फोन आला असता. मी कागद बाजूला ठेवला. तिनं आणखी दोनदा निरोप पाठवला, मग पाठवला नाही. नागोजीअप्पा त्याच हिवाळ्यात वारले, हे मला उशिरा कळलं.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात घरासाठी सामान घ्यायला गेलो होतो. एका जिन्याच्या तोंडाशी टायपिंगच्या क्लासची पाटी दिसली आणि वरून खडखडाट ऐकू येत होता. कुणीतरी म्हणालं होतं की ती तिथं असते. मी वर गेलो. पंधरा मुली, पंधरा जुनी यंत्रं, आणि त्यांच्यामधून मथुरा हात मागं बांधून फिरत होती. केस कानांपाशी पांढरे झाले होते. ती तेव्हा तिशीचीच असेल. एका मुलीची बोटं चुकली तर तिनं लाकडी पट्टी तिच्या मनगटावर मारली. जोरात. मुलगी ओरडली नाही, तिनं पुन्हा सुरुवात केली.

मथुरेनं मला ओळखलं. दाराशी आली.

"पत्राचं राहून गेलं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"राहून गेलं नाही. तुम्ही लिहिलं नाहीत."

"हो."

"मी दोन महिने रोज पोस्टमनची वाट बघितली. मग सोडली. सोडल्यावर झोप लागायला लागली."

"मथुरा, मी आता लिहून देऊ?"

"आता त्या वर्गात पदवीवाले घेतात." तिनं आत बघितलं. एक यंत्र थांबलं होतं. "शालिनीचं काय झालं?"

"बेळगावला आहे. शिकवण्या घेते म्हणे. लग्न नाही झालं."

मला वाटलं मथुरा आणखी काहीतरी विचारेल, पत्ता वगैरे. माझ्या खिशातल्या डायरीत शालिनीचा पत्ता होता.

"साडेचारची बॅच यायची वेळ झाली," ती म्हणाली. "जिना अरुंद आहे. तुम्ही आधी उतरा, म्हणजे पोरींना वर येता येईल."